डुक्करतोंडांची परतीची वाट

आसगाव (तालुका पवनी),
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

श्री. खुशाल सोमाजी गजभिये यांस,
स. न. वि. वि.

आपण माझा भाचा परसराम यास अमेरिकेत पाठविलेल्या, आपल्या रविवारच्या खेळाविषयीच्या वृत्तांताची प्रत त्याने मला धाडली आहे. तीन पानांच्या मजकुरात सात चुका आहेत. आपण माझ्या हाताखाली चार वर्षे मराठी शिकलात, म्हणून हे अधिक खेदाने लिहितो. शुद्धलेखनाबद्दल तक्रार नाही. ते माझ्यामुळे निर्दोष आहे. चुका घटनांच्या आणि तारखांच्या आहेत.

परसराम (तिकडे त्याला पर्सी म्हणतात, त्यास माझा इलाज नाही) या मजकुराचे इंग्रजी करून त्याच्या तिकडच्या खेळाडू मंडळाच्या पत्रिकेत छापणार आहे. वाचक परके आहेत. म्हणून खरी हकीकत मुळापासून लिहितो. ती आपण वाचावी, आपल्या वृत्तांतास जोडावी आणि त्याच्याकडे रवाना करावी.

परसरामने तिकडून पाठविलेल्या खेळाच्या पेटीत तीन पातळ पुस्तके आणि चार, सहा, आठ, बारा व वीस पैलूंचे फासे होते. खेळ असा, की एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एका वीराचे सोंग घेतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागदावर नकाशा असतो आणि बाकी सारे तोंडाने चालते. वीर कुठे जातात आणि काय करतात, ते वीर सांगतात. तिथे कोणता राक्षस आहे आणि तो काय करतो, ते सूत्रधार सांगतो. वार लागला की नाही, ते फासा सांगतो. सूत्रधार मी होतो. सेवा सहकारी सोसायटीचे सचिव तुलाराम भुरे खड्गधारी होते, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका सुलोचनाबाई मांत्रिक होत्या आणि आपण हेर होता. दर रविवारी दुपारी दोन ते पाच, माझ्या ओसरीवर.

आपण लिहिता, ‘गुरुजी राक्षसांचे काम करीत.’ हे अपुरे आहे. पुस्तकात प्रत्येक राक्षसाचे बळ, कवच आणि दात दिलेले आहेत. तो लढतो कसा, याविषयी अवाक्षर नाही. परसरामच्या पत्रांवरून असे दिसते, की तिकडचे सूत्रधार राक्षसांना रेशनच्या रांगेत उभे केल्याप्रमाणे एकामागून एक दारात आणतात आणि वीर त्यांना कापून काढतात. मला ते असह्य झाले. ज्याला जीव आहे तो जीव वाचविण्यासाठी लढेल, मरण्यासाठी नव्हे. म्हणून मी निळ्या कापडी बांधणीची वही घातली आणि तिच्यात एकेका जातीचे आचरण नोंदविले. खुजे राक्षस अंगाने दुबळे; ते उजेडात उभे राहणार नाहीत, माणसाला वाकावे लागेल अशा बिळात ओढून नेतील आणि मागून घेरतील. लांडगे पुढच्या वीराकडे पाहणारही नाहीत. सर्वांत मागे चालणारा, लंगडणारा कोण, ते हेरतील. ज्यांना माणसाइतकी बुद्धी आहे, ते खड्गधाऱ्याला सोडून आधी मांत्रिकाला मारतील. हाडांचे सांगाडे मात्र पळणार नाहीत, कारण भय हे मांसात असते. बाकी कोणताही प्राणी दोन तृतीयांश बळ गेल्यावर लढत राहिला, तर तो सूत्रधाराचा आळस समजावा.

ही सर्व तत्त्वे माझ्या स्वतंत्र निरीक्षणाचे आणि तर्काचे फळ आहेत. वृत्तांतात याचा उल्लेख नाही, तो असावा.

आता शेवटची चूक. आपण लिहिता, ‘गुरुजींनी मला चोर म्हटले आणि खेळ संपला.’ चोर हा शब्द मी उच्चारला नाही. वही कोणीतरी वाचली आहे, एवढेच मी म्हणालो. त्यानंतर आपण उठून गेलात. उठून जाणाऱ्याने खेळ संपविला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आपला बपेऱ्याचा पत्ता तुलारामकडून घेतला. त्याने तो कुठेही न बघता म्हणून दाखविला. ज्याच्याशी पत्रव्यवहार नाही असे तो सांगतो, त्याचा पत्ता त्याला पाठ कसा, हे मी त्याला विचारले नाही. नोंद मात्र केली आहे.

आपला,
के. रा. लांजेवार
निवृत्त मुख्याध्यापक


आसगाव,
रविवार, ३० ऑक्टोबर १९८३

श्री. खुशाल गजभिये यांस,

तीन आठवडे झाले. बपेरा मध्य प्रदेशाच्या सीमेवर असला, तरी डाकेला तीन आठवडे लागत नाहीत. लिफाफा आपणास फोडलेल्या स्थितीत मिळाला असल्यास तसे कळवावे; इथल्या डाकघराविषयीही मला पूर्ण विश्वास नाही.

दसऱ्याला आपण नागपूरला दीक्षाभूमीवर येऊन गेलात. आपल्या मातोश्री पंचफुलाबाई तेथून परतताना भिवापूरपर्यंत आपल्यासोबत होत्या, असे कळते. भिवापूर ते आसगाव हे अंतर आपणास ठाऊक आहे. आपण आला नाहीत.

दुसरे असे, की सुलोचनाबाईंनी पवनीच्या दुकानातून चौकटीच्या कागदाचे दोन दस्ते घेतले. कन्याशाळेत चौथीपर्यंत वर्ग आहेत. तिथे आलेख शिकवीत नाहीत. असल्या कागदावर आपण नकाशे काढीत होतो. माझ्यावाचून कुठेतरी डाव मांडला जातो आहे, हे मला दिसत नाही असे कोणी समजू नये.

आणि काल पाटबंधाऱ्याच्या तुझ्या जुन्या कचेरीतला कारकून सहज बोलून गेला, की तुझी बदली झाली नाही. ती तू मागून घेतलीस. सहा महिने मी लोकांना ‘सरकारने हलविले’ असे सांगत होतो.

तुला ‘आपण’ लिहिताना माझा हात अडखळतो. यापुढे लिहिणार नाही. त्याचा अर्थ मी काही मान्य केले, असा मात्र करू नये.

परसरामच्या वाचकांसाठी १३ मार्चचा डाव लिहून ठेवतो. त्यावरून तेच ठरवतील.

पुस्तकात एक जात आहे. अंग माणसाचे, तोंड रानडुकराचे. चित्रही तसेच आहे. मी तिचे नाव डुक्करतोंडे असे केले. तलावाच्या काठी एक पडका कोट, त्यात चोवीस डुक्करतोंडे. आदल्या रविवारी तू हेर म्हणून कोटाभोवती फिरून आलास आणि मी तिघांनाही नकाशा दिला: पूर्वेला दरवाजा, उत्तरेला ढासळलेली भिंत, दक्षिणेला दाट झुडूप आणि पश्चिमेला तलावात पाणी सोडणारी अरुंद मोरी. कोट तिघांना ठाऊक होता. त्यातील चोवीस जण काय करतील, हे फक्त वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानाला ठाऊक होते. मी ते शुक्रवारी लिहिले.

कोणताही समंजस माणूस दरवाजा आणि ढासळलेली भिंत धरून बसेल. माझी योजना अशी होती, की वीर दरवाज्यावर हल्ला करतील, डुक्करतोंडे दोन घटका आरडाओरड करून आपण तिथेच आहोत असे भासवतील आणि तेवढ्यात आधी माद्या व पिले, मग तरणे, आणि सर्वांत शेवटी एकटा म्होरक्या, असे मोरीतून निसटून वीरांच्या पाठीवर येतील. मला या योजनेचा अभिमान होता.

रविवारी बसल्यावर तू एकच प्रश्न विचारलास: “गुरुजी, यायनं आज खाल्लं आहे का?” मी म्हणालो, होय, दुपारीच गाव लुटून धान्य खाल्ले आहे. यावर तू मान हलविलीस, तुलारामला सांगितलेस, “दरवाज्यावर जाऊच नको,” आणि तेलाची मडकी व पलिते घेऊन त्याच्यासह मोरीच्या तोंडाशी बसलास. सुलोचनाबाईंनी दरवाज्यापाशी नुसता मंत्राचा आवाज केला. एकही फासा पडण्यापूर्वी डाव संपला होता. तीन फेऱ्यांत चोवीस मेले. मोरी अरुंद होती. मीच ती अरुंद आखली होती.

तू खाण्याचा प्रश्न का विचारलास, हे मला तेव्हाच कळले: माहिती लपविण्यासाठी माणूस असा आडवळणाचा प्रश्न विचारतो.

पुरावा दोन गोष्टींचा. एक, शनिवारी तू शब्दकोश परत करण्यास आलास आणि चहा होईपर्यंत ओसरीवर एकटा बसलास. कपाट तिथेच आहे. दोन, मी वहीची नाडी दुहेरी गाठ मारून बांधतो. रविवारी सकाळी ती एकेरी होती.

मी हे सर्व शांतपणे मांडले. तुलाराम म्हणाला, “खेळच आहे न गुरुजी, कायले तापून राहिले?” त्यावर मी त्याला सांगितले, की तापण्याचा प्रश्न नाही, पुराव्याचा आहे. तू काही उत्तर न देता निघून गेलास. निरपराध माणूस उत्तर देतो.

के. रा. लांजेवार


आसगाव,
रविवार, २० नोव्हेंबर १९८३

खुशाल,

तुझे कार्ड मिळाले. एकच वाक्य, तेही विनाअभिवादन: ‘त्या शनिवारी आपल्या घरी आणखी कोण कोण आले होते, ते सत्यभामाबाईंना विचारावे.’

मी विचारणार नव्हतो. तीन दिवस विचारले नाही. चौथ्या दिवशी सत्यभामाबाई उन्हात वाल सोलत बसल्या होत्या, तेव्हा दुसऱ्याच एका विषयावरून सुरुवात करून मी तिकडे वळलो. आमच्या सौभाग्यवतींशी पंचेचाळीस वर्षे संसार केल्यावर माझे आडवळण त्यांना लगेच कळते. संभाषण जसे झाले तसे देतो. मी त्यात कसा दिसतो, याचा विचार करीत नाही.

“शनिवारी?” त्या म्हणाल्या. “सकाळी तुलाराम आला होता न, तुमचा तराजू नेऊन राहिला होता सोसायटीत. त्याचा काटा मोडला होता. मंग सुलोचनाबाई आल्या, अर्धा घंटा बसल्या. तुमी डाकघरात होते. मंग खुशाल.”

“हे तुम्ही मला सांगितले नाही.”

“तुमी इचारलं कधी? तुमी तं सांगतच होते.”

“आणि ते दोघे ओसरीवर एकटे होते?”

“मी काय पाहाऱ्यावर बसली होती? एकटेच होते.”

मग मी नाडीचा विषय काढला. त्यांनी वालाची शेंग हातात तशीच धरली.

“ती नाडी मी सोडली. पार्वताबाईले पत्र लिहायचं होतं, कागद नव्हता. मागचं एक कोरं पान काढलं आन बांधून ठेवली. तुमच्यासारखी गाठ मले कुठं येते?”

वहीची पाने मोजली. एक कमी आहे, शेवटून तिसरे. पार्वताबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शहापूरला असते. मी तिला पत्र पाठवून ते पान परत मागविले आहे. सत्यभामाबाईंनी याला वेडेपणा म्हटले. पण पुरावा हा पुरावा असतो.

उठताना त्यांनी आणखी एक वाक्य टाकले. “पोरगा दारातून काय बोलून गेला, ते मले आत चुलीपाशी ऐकू आलं. तुमाले ओसरीवर नाही आलं का?”

मी वहीची पाने पुन्हा मोजली. मागील पत्रात मी लिहिले, की तू काही उत्तर न देता निघून गेलास. ते वाक्य तूर्त बाजूला ठेवावे.

आता तू म्हणशील, की गाठ सुटली, प्रकरण मिटले. ते तसे नाही. गाठीचा उलगडा झाला, ज्ञानाचा नाही. मोरी तुला कशी कळली? तर्काने कळणे अशक्य आहे. तर्काने चालणाऱ्या तुलारामने आणि सुलोचनाबाईंनी दरवाजाच धरला असता, हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केले आहे. तुला कोणीतरी सांगितले. नियम चौदावा तुला पाठ आहे: मंडळाबाहेरच्या व्यक्तीचा सल्ला घेऊन डाव खेळू नये. वही वाचली नसेल, तर हा नियम मोडला असेल; दोहोंपैकी एक निश्चित.

दोन दिवसांपूर्वी पंचफुलाबाईंना बाजारात पाहिले. त्यांनीही मला पाहिले आणि पदर सावरून दुसऱ्या ओळीने गेल्या. काही लपविण्यासारखे नसेल, तर माणूस ओळ का बदलतो? त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन विचारण्याचा माझा विचार आहे.

चौकटीच्या कागदाचा उलगडा झाला. सुलोचनाबाई शिवणाचे नमुने काढतात. त्यांनी मला एक दाखविला. तो कोटाचा नकाशा नव्हता. मी उलटून पाहिला.

के. रा.


आसगाव,
रविवार, ४ डिसेंबर १९८३

चि. खुशाल यास अनेक आशीर्वाद.

पार्वताबाईकडून पान आले. त्यावर तिच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी आहे. अक्षर सत्यभामाबाईंचे आहे, तारीख १२ मार्च. मी ते वहीत होते तिथे चिकटविले आहे.

शुक्रवारी सकाळी तुझ्या घरी गेलो. पंचफुलाबाई अंगणात धान पाखडत होत्या.

“या गुरुजी,” त्या म्हणाल्या. “खुशाल नाही इथं.”

“मी आपल्याकडेच आलो आहे.”

“माझ्याकडं? कायले? आता काय हारपलं?”

त्यांनी सूप खाली ठेवले नाही. मी उभाच होतो. जाण्यापूर्वी मी सहा प्रश्न क्रमाने लिहून नेले होते. ते त्या वाक्यानंतर खिशातच राहिले. काय करावे हे न सुचून मी कुंपणाची एक काडी घेतली आणि सारवलेल्या अंगणात, कडेला, कोट काढला. हा दरवाजा, ही पडकी भिंत, हे झुडूप, ही तलावाची मोरी. आत चोवीस आहेत आणि बाहेरून माणसे चालून येत आहेत, असे सांगितले. विचारले, की ते कुठून निघतील. खरे तर मी त्यांची परीक्षा घेत होतो. त्या काहीतरी चुकीचे सांगतील आणि तुझ्या माहितीचा उगम अन्यत्र आहे हे सिद्ध होईल, अशी माझी अटकळ होती.

“डुकरं आहेत का माणसं?”

“अंग माणसाचे, तोंड डुकराचे.”

“मंजे डुकरंच. खाऊन बसले का उपाशी?”

खुशाल, दोन वर्षांत त्या ओसरीवर हा प्रश्न एकदाच विचारला गेला होता.

मी म्हणालो, खाऊन बसले आहेत. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, वाकल्या आणि तो मोरीच्या तोंडावर ठेवला.

“पोट भरलेलं डुकर शेताचा धुरा चढत नाही, गुरुजी. उपाशी असलं तं कुठूनबी कुदते. भरल्या पोटानं उताराउतारानं, पाण्याच्या वाटेनं जाते. आधी पिलंवाल्या, मंग बाकीचे. म्हातारा एकला मागं राह्यते.”

हे शब्द माझ्या वहीत आहेत. पान सत्तेचाळीस, दुसरा परिच्छेद: ‘तृप्त डुक्करतोंडे चढण टाळतात व उताराने, जलमार्गाने निघतात.’ मी ते फक्त प्रमाण भाषेत लिहिले आहे.

“हे आपल्याला कोणी सांगितले?” मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग हसल्या. राग धरून ठेवलेला माणूस नाइलाजाने हसतो, तशा.

“सांगाले कोण पायजे? खुशालचे बाबा तुमच्याच धानाच्या बांध्या राखत होते न. आन तुमी विसरले का? दिवाळीच्या सुट्टीत नागपुरातून यायचे, सकाळी धोतर वर खोसून यायच्यासंग चिखलात खूर मोजत हिंडायचे. कागदावर लिहून घ्यायचे. मी नवी नवरी होती. मले हासू ये, हा शिकलेला माणूस डुकराचे पाय लिहून राहिला म्हणून.”

मी विसरलो नव्हतो. हे मला तुला सांगावयाचे आहे, आणि यासाठीच मी दोन दिवस हे पत्र लिहीत आहे. ९ ऑक्टोबरच्या पत्रात मी ‘स्वतंत्र निरीक्षणाचे फळ’ असे लिहिले, तेव्हा लेखणी थांबली होती. मी तिला पुढे ढकलले. लांडगा मागच्या लंगड्याला हेरतो, हे तुझ्या वडिलांनी, सोमाजीने, मला तळ्याकाठी बोडीच्या पारीवर शेळीच्या कळपामागे उमटलेली पावले दाखवून सांगितले. जखमी जनावर आले त्याच वाटेने परतते, हे त्याने सांगितले. तो मला ‘केशव’ म्हणत असे. आम्ही एका वयाचे होतो. पुढे मी मास्तर झालो आणि तो मला ‘गुरुजी’ म्हणू लागला. मी त्याला थांबविले नाही. तो १९७१ साली वारला, तेव्हा मी शाळा तपासणीत होतो.

म्हणजे वहीतील मजकूर तुझ्या घरातून माझ्या घरी आला होता, आणि तो तुझ्या घरी कसा पोहोचला याचा मी नऊ महिने तपास करीत होतो.

पंचफुलाबाईंनी बाकीचेही सांगितले. शनिवारी संध्याकाळी तू त्याच अंगणात कोळशाने कोट काढलास आणि आईला विचारलेस. त्यांनी तुला बजावले, की आधी खाल्ले आहे का ते विचार. मी त्यांना म्हणालो, की खुशालने हे तेव्हाच सांगितले असते तर सारे टळले असते.

“नियम होता म्हणे तुमचा, बाहेरच्याले इचारायचं नाही. आता माय बाहेरची असते का, ते मले नाही समजत. मी त्याले म्हटलं, जाय, सांगून दे गुरुजीले, आईनं सांगितलं म्हणून. तं म्हणे, माय, तिघं आले होते, तिघांतून एकाचंच नाव निघालं. आता सांगून काय होते?”

तू दारातून हेच बोललास. “तिघांत मीच काहून, गुरुजी?” सत्यभामाबाईंना चुलीपाशी ऐकू आले, मला तीन हातांवर ऐकू आले. मी ते एकाही पत्रात लिहिले नाही, कारण त्याचे उत्तर माझ्यापाशी होते आणि ते मला नको होते. माझ्या घरी तुझी कपबशी कधी वेगळी नव्हती. मला त्याचा अभिमान होता आणि तेवढे पुरेसे आहे, असे मी धरून चाललो. गाठ बदललेली दिसली, तेव्हा मी तुलारामच्या येण्याची चौकशी केली नाही, सुलोचनाबाईंच्या केली नाही. तुझे येणे मला आपोआप आठवले. राक्षसांची एकेक जात कशी वागते, हे मी सत्तेचाळीस पाने लिहिले. माझे वागणे मी एका ओळीतही तपासले नाही.

नियम चौदावा रद्द केला आहे. वहीत तशी नोंद केली, सही केली. पंचफुलाबाईंना मी विचारले, की रविवारी माझ्या ओसरीवर येऊन शत्रुपक्षाच्या बाजूने बसाल का. त्या म्हणाल्या, “पाखडणं झाल्यावर पाहू.” त्यांनी मला बसावयास सांगितले नव्हते, हे वाक्य बोलताना मात्र बाज पुढे ओढली. मी बसलो. निघताना कोट पुसावा म्हणून वाकलो, तर म्हणाल्या, “राहू द्या.”

तुलारामला तुझा पत्ता पाठ कसा, हेही विचारले. तो दरमहा तुला पत्र लिहितो आणि मी कसा आहे ते कळवितो. तू तसे विचारतोस म्हणून. 

परसरामकडे तुझा वृत्तांत आणि माझी पहिली तीन पत्रे एकत्र पाठविल्यास वाचक गोंधळतील. त्याऐवजी खालील दुरुस्त्या पाठवाव्यात. त्या मी नीट तपासल्या आहेत.

१. खेळाची पेटी आली. वृत्तांतात: दिवाळी १९७९. बरोबर: ११ डिसेंबर १९८०, गुरुवार.

२. पहिला डाव. वृत्तांतात: मकरसंक्रांत १९८१. बरोबर: १८ जानेवारी १९८१, रविवार. (संक्रांत बुधवारी होती, तुलाराम तिळगूळ घेऊन रविवारी आला, त्यावरून घोटाळा झाला असावा.)

३. शत्रुपक्षाच्या वहीची रचना. माझ्या ९ ऑक्टोबरच्या पत्रात: खेळ सुरू झाल्यावर, स्वतंत्र निरीक्षणाने. बरोबर: १९३४ च्या दिवाळीची सुट्टी, आसगावची बोडी आणि तिच्याखालच्या बांध्या. सांगणार सोमाजी गजभिये. शाई माझी.

४. १२ मार्च १९८३, शनिवार. माझ्या ३० ऑक्टोबरच्या पत्रात: एक जण आला. बरोबर: तिघे आले. नाडी घरच्यांनी सोडली.

५. १३ मार्च १९८३, रविवार. तुझ्या वृत्तांतात: ‘गुरुजींनी मला चोर म्हटले.’ दिनांक बरोबर, शब्दही बरोबर. दुरुस्ती माझ्या पहिल्या पत्रात करावी.

६. खेळ संपला. तुझ्या वृत्तांतात: १३ मार्च १९८३. ही तारीख चूक आहे की बरोबर, ते मला सांगता येत नाही. पुढे जागा कोरी सोडली आहे. तुझ्या अक्षरात भर.

केशव